मांजर डूख धरत नाही

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, पापड तळताना लाल का होतात, असल्या प्रश्नांची उत्तरं आपण आवडीनं वाचतो, कात्रणं काढून ठेवतो. आज मी ज्या प्रश्नाबद्दल लिहिते आहे तो बहुतेक जणी कुणाला विचारतच नाहीत. विचारला तर लोक हसतात. प्रश्न असा, की घरातलं मांजर आपल्याला क्षणभर सोडत नाही, आपण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की रडून घर डोक्यावर घेतं, आणि परत येऊन बघावं तर नेमकी आपलीच गादी ओली करून ठेवलेली असते. अशा मांजराचं करायचं काय?

आपल्याकडं याचं एक उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पोत्यात घालायचं आणि नदीपलीकडं सोडून यायचं. मला आज दुसरं उत्तर सांगायचं आहे. ते जरा वेळखाऊ आहे, पण आमच्या घरात लागू पडलं, आणि त्यामागचं कारण कळलं की तुम्हालाही पटेल असं वाटतं.

आम्ही वलगावला राहतो. अमरावतीहून परतवाड्याकडं निघालं की पेढी नदीकाठचं हे गाव लागतं. ह्यांची नोकरी अमरावतीला, मुलं शाळेत, घरी सासूबाई आणि मी. मी बी.ए. झाले आहे आणि शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना सांगायला नको. तास मिळाले तर नोकरी, नाही मिळाले तर घर. मनी आमच्याकडं आली त्या वर्षी तास मिळाले नव्हते.

शेजारच्यांच्या तुरीच्या पोत्यांमागं एक मांजरी व्याली होती. पिलांचे डोळे नुकते उघडले होते, तेवढ्यात मांजरी रस्त्यावर गाडीखाली गेली. तीन पिलांतलं एक जगलं, ते आमच्या घरी आलं. पिलांसाठी मिळणारी दुधाची पावडर डॉक्टरांकडून आणली. दर तीन तासांनी ड्रॉपरनं दूध पाजायचं, ओल्या कापसानं पोट-शेपटी पुसून शी-शू करवायची, कुशीत ऊब द्यायची. तान्ह्या बाळाचं काय असतं वेगळं? पिलू वाढलं, अंगानं भरलं, त्याची मनी झाली. आणि मनीला जगात एकच माणूस ठाऊक झालं.

मी स्वयंपाकघरात, तर ती ओट्याखाली. मी न्हाणीत, तर ती दाराबाहेर पंजे आपटत. मी बंगईवर निवडण-टिपण करत बसले की सुपात येऊन बसायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "मागल्या जन्मीची लेक आहे तुझी." सगळ्यांना मजा वाटायची.

पुढच्या वर्षी मला पुन्हा तास मिळाले. आमच्या विदर्भात उन्हामुळं शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. सकाळी मी साडीच्या निऱ्या घालायला उभी राहिले की मनी पायांत घुटमळू लागायची. पर्सची चेन वाजली की ओरडायला सुरुवात. मी बाहेर पडले की दाराशी बसून आकांत. सासूबाई घरात असून उपयोग नाही, त्यांच्याकडं ती बघायचीसुद्धा नाही. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "लय रडते वं माय ते! कोनी मेल्यावानी रडते." मांजर रडणं म्हणजे अपशकुन, हे वेगळं सांगायला नको.

रडण्यावर भागलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या गादीवर लघवी. मग एक दिवसाआड. आता आमच्या वऱ्हाडात गादी म्हणजे कापसाची. एकदा भिजली की आतपर्यंत मुरते, दोन कडक उन्हं खाल्ल्याशिवाय वास जात नाही, आणि दिवस पावसाळ्याचे. परीटघडीच्या चादरीवर, धुतल्या गोधडीवर, शेवटी पाहुण्यांसाठी बांधून ठेवलेल्या गादीवरसुद्धा वास मारू लागला. शिवाय मनी स्वतःचं पोट चाटचाटून तिथले केस घालवून बसली. सासूबाईंचं कौतुक आटलं. "मांजर डूख धरतं," त्या म्हणाल्या. "तू टाकून जातेस त्याचा सूड घेते मेली."

मग रात्री जेवताना घरात सभा भरली. एक ठराव मनीला पेढीपलीकडं सोडण्याचा. दुसरा ठराव, नाक घाणीत घासून दोन फटके देण्याचा. तिसरा ठराव पाहुण्या आलेल्या आत्याबाईंचा, "एवढ्या तासाच्या पैशांपायी घराचे हाल कशाला? सोडून दे ती शाळा." रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला प्रकार! वर्षभर वाट बघून मिळालेले तास मी मांजरापायी सोडावेत, हे ऐकून घास घशात अडकला. पण मांजर सोडून यावं, हेही मनाला पटेना.

पहिला ठराव ह्यांनीच खोडून काढला. म्हणाले, "आई, गाडगेबाबांनी १९५६ साली याच पेढीकाठी देह ठेवला. देवापुढं बकरं-कोंबडं मारू नका म्हणून जन्मभर सांगत फिरले. त्याच नदीवर आपण मुकं जनावर टाकून यायचं?" सासूबाई गप्प झाल्या. भावनेचं सोडा, कायद्याचीही बाजू आहे. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानेलं मरेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि घरात वाढलेलं मांजर पोत्यातून नवख्या जागी सोडलं की कुत्री, वाहनं आणि उपासमार यांतून बहुधा वाचत नाही. "कुठंही उंदीर मारून जगेल" हे आपलं मनाचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी मी मनीला टोपलीत घालून अमरावतीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. तुम्हालाही हेच पहिलं सांगणं, की मांजर भलत्या जागी लघवी करू लागलं तर आधी त्याच्या शरीरात काही दुखत नाही ना, ते तपासून घ्या. मूत्रमार्गाची सूज, खडा, जंतुसंसर्ग, मधुमेह, यांतलं काहीही असू शकतं. लघवी करताना आग झाली की मांजर त्याच्या नेहमीच्या जागेला भिऊन मऊ जागा शोधतं. आणि बोका असेल तर फारच जपायचं. बोका पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंब येत नाही, असं दिसलं तर रात्र काढू नका. मार्ग तुंबलेला असतो आणि दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरात आहे म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नका. माणसाला साधी वाटणारी ती गोळी मांजराला विषासारखी आहे.

मनीची लघवी तपासली, पोट चाचपलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "ताई, ती रागावलेली नाही. घाबरलेली आहे."

हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटले. राग आणि भीती बाहेरून सारखीच दिसते, पण उपाय अगदी उलटे. रागावलेल्याला शिक्षा केली तर कदाचित वचकेल; भ्यालेल्याला शिक्षा केली तर ते आणखीच भिणार. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या मैत्रिणींना हे पक्कं माहीत आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा पदर न सोडणाऱ्या पोराला कुणी दुष्ट म्हणत नाही.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचलं. कुत्रं माणसावर माया करतं आणि मांजर घरावर, असं आपल्याकडं म्हणतात. मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या मागं आलेल्या उंदरांसाठी. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची, माणसाशेजारी पुरलेल्या मांजराची कबर सापडली आहे. पण इतक्या वर्षांच्या सहवासात नुसता उंदराचा व्यवहार उरला नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात क्रिस्टिन व्हिटाले या बाईंनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचं पिलू आणि त्याची मालकीण नवख्या खोलीत दोन मिनिटं बसायचे, मग मालकीण दोन मिनिटं बाहेर जायची, मग परत यायची. सत्तर पिलांपैकी शेकडा चौसष्ट पिलं ती परत येताच निवांत झाली, तिला भेटली आणि पुन्हा खोली हुंगायला निघून गेली. बाकीच्यांतली काही तिला चिकटून राहिली, काही तोंड फिरवून बसली. तान्ह्या मुलांवर असाच प्रयोग पूर्वी झालेला आहे आणि त्यातही जवळजवळ असंच दिसलं होतं.

यातली गंमत लक्षात घ्या. ज्याचा आपल्यावर पक्का भरवसा आहे, ते पिलू भेटून सोडून जातं. जे चिकटून बसतं, त्याचा भरवसा कच्चा असतो. मनी मला सोडत नव्हती, ते आम्ही सगळे माया म्हणत होतो. माया होतीच, पण तिच्या पोटात धास्ती होती.

आणि ती माझ्याच गादीवर का? त्याचंही उत्तर सापडलं. स्टेफनी श्वार्ट्झ या पशुवैद्य बाईंनी १९९१ ते २००० या काळातल्या अशा १३६ मांजरांच्या नोंदी तपासून २००२ साली प्रसिद्ध केल्या. भलत्या जागी लघवी, शी, सतत ओरडणं, मोडतोड आणि अंग चाटत राहणं, ही त्यांत दिसलेली लक्षणं. लघवी करणाऱ्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश मांजरांनी ती फक्त मालकाच्या अंथरुणावर केली होती. अंथरुणाला आपला वास सगळ्यांत जास्त असतो. मांजराचं निम्मं जग वासाचं. भ्यालेलं मांजर आपला वास तुमच्या वासात मिसळून धीर शोधतं, असं जाणकार समजावतात. आपण त्याला सूड म्हणतो!

ब्राझीलमध्ये २०२० साली २२३ मांजरांची पाहणी झाली. त्यांतल्या ३० मांजरांना, म्हणजे शंभरात तेरांना, मालक दूर गेल्यावर असा त्रास होत होता. ज्या घरांत मांजराला खेळायला काही नव्हतं आणि सोबतीला दुसरं जनावर नव्हतं, त्या घरांत हे जास्त दिसलं. तेव्हा तुमच्या एकटीच्या घरात हे घडतं आहे असं मानून लाजू नका.

तरी मुळात असं का होतं? मला वाटतं, याचं उत्तर मांजरीच देते. तुम्ही व्यालेली मांजरी नीट पाहिली आहे का? पहिले काही दिवस ती पिलांना सोडत नाही. मग थोडी थोडी दूर जाऊ लागते. चौथ्या आठवड्यापासून पिलं दुधाला आली की कधी उठून जाते, कधी उंच फळीवर जाऊन बसते. पिलं ओरडतात, थोडं ओरडून गप्प होतात, एकमेकांशी खेळायला लागतात. आई गेली तरी येते, हा धडा ती त्यांना रोज वाटी-वाटीनं देते. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१७ साली सुमारे सहा हजार मांजरांची माहिती गोळा केली, त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेली मांजरं जास्त चिडकी-आक्रमक निघाली. चौदा आठवडे आईजवळ राहिलेली शांत. म्हणून पिलू आणायचंच झालं तर ते बारा-चौदा आठवड्यांचं होऊ द्या. मनीला हा धडा द्यायला आई उरली नव्हती. तो आता आम्हाला द्यायचा होता, आणि तोही मांजरीच्याच रीतीनं, थोडा थोडा.

सुरुवात साफसफाईपासून. इथं गृहिणींनी कान देऊन ऐकावं. मांजर जिथं लघवी करतं तिथं आपण फिनाईल ओततो. ते करू नका. मांजराच्या यकृताला फिनाईलमधली द्रव्यं पचवता येत नाहीत. पंज्याला लागलेलं चाटलं तरी विषबाधा होते. अमोनियाच्या वासाची पुसणीही नको, कारण लघवीचा वास तसाच असतो आणि मांजराला वाटतं, हीच जागा. जुन्या फडक्यानं आधी टिपून घ्यायचं, गार पाण्यानं धुवायचं, मग डाग पचवणारी एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून त्यात भिजवायचं आणि उन्हात टाकायचं. गादीवर आम्ही मेणकापड अंथरून वर चादर घातली. वास पूर्ण गेला नाही तर बाकीचे सगळे उपाय फुकट जातात.

मग रेतीचं घमेलं. घराच्या कोपऱ्यात, वर्दळ नसलेल्या जागी, जेवणाच्या ताटलीपासून लांब, बारीक चाळलेली रेती भरून ठेवली. रोज दोनदा उपसायची, आठवड्याला सगळी बदलायची. जितकी मांजरं, त्याहून एक घमेलं जास्त, असा डॉक्टरांचा हिशेब.

आता मुख्य धडा. मी जाणार हे मनीला निऱ्या, पर्स आणि छत्री यांवरून कळायचं. तेव्हा आधी या तिन्हींची धास्ती मोडायची ठरली. रविवारी मी शाळेची साडी नेसून तांदूळ निवडत बसले. पर्स खांद्याला लावून भाजी चिरली. छत्री घेऊन बंगईवर झोके घेतले. शेजारच्या काकूंनी कुंपणातून पाहिलं आणि मास्तरीणबाईंचं काहीतरी बिघडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं! पण चार-सहा दिवसांत पर्सची चेन वाजली तरी मनी मान वर करून पुन्हा झोपू लागली.

मग जाणं. पहिल्यांदा दाराबाहेर फक्त दहा अंकांपर्यंत मोजून परत. मग अर्धा मिनिट. मग दोन मिनिटं, पाच, दहा. ती ओरडायच्या आत परत यायचं, हे यातलं मर्म. ओरडली तर पुढच्या वेळी वेळ कमी करायचा. एके दिवशी पाच मिनिटं जमली म्हणून दुसऱ्या दिवशी तासभर जाऊ नये. शाळेला तर रोज जावंच लागत होतं. तेवढे तास मुलांची जुनी खोली तिच्यासाठी ठेवली. खिडकीपाशी उंच फळी, त्यावर माझी न धुतलेली जुनी सुती साडी घडी करून, पाणी आणि घमेलं. मांजराला उंचावर बसून खालचं जग बघायला मिळालं की त्याचा निम्मा वेळ सुखात जातो.

निघताना "जाते हं माझी बाय" असा निरोप-समारंभ बंद. आल्यावर उचलून मुके घेणं बंद. आधी हातपाय धुवायचे, चहा टाकायचा, ती शांत बसली की मग जवळ घ्यायचं. हे निर्दयपणाचं वाटतं खरं. पण जाणं-येणं ही रोजची साधी गोष्ट आहे, हे आपल्या वागण्यातूनच तिला कळायला हवं. मारणं-रागावणं तर नाहीच. परत आल्यावर गादी ओली दिसली म्हणून फटका दिला, तर तिला तो तासापूर्वीच्या लघवीचा वाटत नाही, तुमच्या येण्याचा वाटतो. मग जाण्याची भीती होतीच, तिच्यात येण्याचीही भर.

शाळेत निघण्याआधी पंधरा मिनिटं खेळ. काठीला सुतळी, सुतळीला कापडाची चिंधी. वाघाचीच मावशी ती! धावणार, दबा धरणार, झडप घालणार. खेळ संपला की लगेच जेवण. शिकार करायची, खायचं, अंग चाटायचं आणि झोपायचं, हा मांजराचा क्रम निसर्गानंच लावून दिलेला आहे. आपण त्या क्रमाचा फायदा घ्यायचा. आम्ही घर सोडेपर्यंत ती चाटायला बसलेली असायची. दुपारसाठी चार दाणे काडेपेटीत, चार कागदाच्या बोळ्यात, चार खोक्याखाली लपवून ठेवायचो. शोधून खाण्यात वेळ जातो आणि मन रमतं.

जेवणाचंही जाता जाता सांगते. आमच्याकडं मांस-मच्छी शिजत नाही. पण मांजर जातीनंच मांसाहारी. मांसातलं टॉरिन नावाचं द्रव्य मिळालं नाही तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडतं. दूध-पोळीवर मांजर जगतं असं वाटतं, ते आड-पडद्याला उंदीर-पाली खातं म्हणून. मोठ्या मांजरांना तर दूध पुष्कळदा पचतही नाही, हगवण लागते. तेव्हा घरातल्या मांजराला त्याचं पाकिटातलं खाणं आणावं. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण वेगळी ताटली आणि वेगळा कोपरा ठरल्यावर चालवून घेतलं.

सगळ्यांत अवघड उपाय मात्र सासूबाईंच्या हाती होता. डॉक्टर म्हणाले होते, "तिचं सगळं सुख एकाच माणसाच्या हातून येतं आहे, ते वाटून टाका." म्हणजे दुपारचं जेवण सासूबाईंनी घालायचं, संध्याकाळी मुलांनी खेळवायचं, आणि मी काही दिवस खाण्याच्या ताटलीला हातच लावायचा नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सांगावी तसं सासूबाईंना सांगणं जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "आई, एवढे पंधरा दिवस करा. नाही गुण आला तर मग तुम्ही म्हणाल तसं." त्या म्हणाल्या, "घालते. पण लाडबिड माझ्याच्यानं व्हायचे नाहीत."

पहिले आठ दिवस आणखी ओरडा झाला. हेही तुम्हाला सांगून ठेवते. पूर्वी ओरडलं की मिळायचं ते आता मिळेना झालं, की आधी आवाज वाढतो. नेमक्या याच वेळी घरातलं कुणीतरी कळवळून उचलून घेतं आणि सगळं मुसळ केरात जातं. आम्ही मी एका वहीत रोज लिहीत होते, किती वेळ रडली, गादी ओली का, जेवली का. वहीमुळं धीर आला. रोज काही फरक दिसत नव्हता, पण पंधरवड्याची पानं एकदम चाळली की दिसत होता. पोळ्यापर्यंत गादी ओली होणं थांबलं. दसऱ्याला पोटावर बारीक केस आले. दुपारी दाराशी रडणं राहिलं ते दोन-चार मिनिटांपुरतं, आणि मग तेही गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांचा एक सल्ला फार उपयोगी पडला. घरी सगळे असले तरी रोज तासभर मनीला तिच्या खोलीत, फळीवर, एकटं राहू द्यायचं. सुट्टीभर अंगाखांद्यावर खेळवलं आणि मग एकदम शाळा उघडली, तर शिकलेलं विसरतं. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांत माणसं महिनोन्‌महिने घरात होती. मांजरंही त्या सोबतीला सरावली, आणि मग कचेऱ्या उघडल्या तेव्हा माणसं सकाळी जाऊन संध्याकाळी उगवू लागली. जनावराला आधी सांगून ठेवता येत नाही. सवय तेवढी लावता येते.

दोन-तीन शंका तुमच्याही मनात आल्या असतील. दुसरं मांजर आणलं तर? काहींना सोबत मानवते, पण भ्यालेल्या मांजरापुढं एकदम अनोळखी मांजर आणलं तर भांडण आणि घाण दोन्ही दुप्पट होऊ शकतं. आणायचंच तर आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूहळू, वासाची ओळख आधी करून. औषध नसतं का? असतं. महिना-दोन महिने मनापासून करूनही फरक पडला नाही, मांजर खाणं सोडू लागलं, कातडी सोलेपर्यंत चाटू लागलं, तर डॉक्टर भीती कमी करणारी गोळी देतात. ती त्यांच्याच सल्ल्यानं, आणि वरच्या धड्यांच्या जोडीला. आपल्या वऱ्हाडात अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, तिथं असे प्रश्न कळणारी माणसं भेटतात. आणि पिलं न होण्याची शस्त्रक्रिया केली नसेल तर ती आधी करून घ्या. माजावर आलेल्या मांजरीचं ओरडणं आणि हे ओरडणं यांत गल्लत होते.

आता थोडं आपल्याबद्दल. "माझ्याशिवाय घराचं पान हलत नाही," हे वाक्य आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, पण आत कुठंतरी ते गोड लागतं. नवऱ्याला टॉवेल सापडत नाही, मुलांना डबा भरता येत नाही, मांजर आपल्यामागं रडतं, या सगळ्यात आपलं मोल दिसतं असं वाटतं. पण ज्याला आपल्यावाचून क्षणभर चालत नाही, ते सुखी नसतं, आणि आपल्यालाही उंबरा ओलांडू देत नाही. चार तास शिकवायला जाणारी बाई असो, की माहेरी आठ दिवस जाऊ पाहणारी, जाणं आणि येणं घराला सवयीचं करून देणं हाही घर सांभाळण्यातलाच भाग आहे. मांजरी हे पिलांना सहा आठवड्यांत शिकवते.

सासूबाईंनी लाड करणार नाही असं बजावलं होतं. हल्ली दुपारी त्या बंगईवर पोथी घेऊन बसतात तेव्हा मनी त्यांच्या मांडीवर असते. "उठत नाही मेली, पाय अवघडले," अशी तक्रार त्या रोज करतात आणि बंगईचा झोका मात्र हळू ठेवतात. मी शाळेतून आले की मनी उतरून येते, पायाला एकदा अंग घासते, आणि पुन्हा जाऊन बसते.

तुमच्याही घरात असं मांजर असेल, तर पोतं शोधण्याआधी एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला, डॉक्टरांकडं नेऊन आणा, आणि उद्या सकाळी दाराबाहेर उभं राहून फक्त दहापर्यंत मोजा.